रजिस्टरमधला युरिया

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता रिटायर व्हायला आलो, जिने चढताना गुडघे कुरकुरतात, आणि खरं सांगू? हे दाबून ठेवायचाही कंटाळा आलाय.

ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. केतकी माझ्याकडे पीएच.डी. करत होती. घरचीच मुलगी म्हणा ना — तिचे बाबा आणि मी गणपती मंडळात बरोबरीचे. मंडळात ती मला काका म्हणायची, लॅबमध्ये सर.

काम होतं धातूच्या भुकटीत नायट्रोजन मुरवायचं. नायट्रोजन देणारं एखादं घन रसायन भुकटीत मिसळायचं आणि भट्टीत तापवायचं. कुठलं रसायन — एवढाच प्रश्न. केतकीनं महिनाभर वाचून युरिया निवडला. शेतात टाकतात तोच. तापला की अमोनियाचा घाण वास सुटतो, पण जपून केलं तर जिवावर बेतत नाही. दुसरं रसायन होतं अझाइड — त्यात कार्बन नाही, पण तापताना फुटायचा धोका. तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं, "युरियाच घ्यायचा. अझाइड नको."

मला ते पटेना. युरियानं भुकटीत कार्बन उतरतो, पेपर परत येईल — घाई माझी होती, तिची नव्हे. म्हटलं, अझाइडच घे. ती म्हणाली, "सर, ते फुटतं ना? युरियानं होऊन जाईल की." यावर मी काय बोललो असेन? "इतकी भीती वाटते तर घरी बसून पोळ्या लाट." हो, मीच बोललो हे.

आमच्याकडे सरांचा शब्द तोंडीच चालतो. तो रजिस्टरात कोण चढवणार? तिनं मान खाली घातली. अझाइडच्या कपाटाची किल्ली मी माझ्या हातानं दिली.

भट्टीतली नळी फुटली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत.

चौकशी बसली. खरं सांगायचं ठरवलं होतं — अगदी दारापर्यंत ठरलेलं होतं. आत गेलो आणि रजिस्टर पुढं सरकवलं. मी तर युरियाच सांगितला होता, बघा, तिच्याच अक्षरात आहे. किल्ली? ती ड्रॉवरमध्येच असते, कुणीही घेऊ शकतं, म्हटलं. पोरीचं शहाणपण मी तिच्याच गळ्यात बांधलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काका..." कॉलेजात पहिल्यांदाच. मी पाण्याचा ग्लास उचलला.

तिचं संशोधन तिथंच संपलं. आता इथंच, इंदरगंज भागात कोचिंग क्लासमध्ये शिकवते. परवा महाराज बाड्याच्या चौकात भेटली. गुडघे कसे आहेत विचारलं. मी बरे आहेत म्हटलं. लाज वाटली हो, फार लाज वाटली — तरी तेवढंच म्हटलं.

लॅबच्या दारावर पाटी आहे. "युरियाच घ्यायचा. अझाइड नको." बाहेरून तपासणीला येणारे वाचतात, म्हणतात, वा सर, काय शिस्त आहे तुमच्याकडे! खाली सही माझी आहे.