लग्नाच्या भिंतीवरचा मोर

लेकरू गेलं अन् मी बोलणंच सोडलं. मंग नवऱ्यानं मला मंठ्याहून जालन्याला, स्टील मिलच्या चाळीत आणलं. शेजारी साऱ्या बिहारी बायका, माझ्यासारख्याच नवऱ्यामागं आलेल्या. लेकरू गेलेल्या बाईला आमच्याकडं लग्नघरी कशाला हात लावू देत न्हाईत. या बायकांनी मात्र चाळीतल्या एका पोरीच्या लग्नात, त्यांच्या रीतीची लग्नाची भिंत रंगवायला माझ्या हाती रंगाची काडी दिली. मी ऐटीत मोर काढला. काय तो माझा तोरा.

"ई मोर है कि बीमार मुर्गी?" नवरीची आई म्हणाली.

"बीमार कहाँ, मर गई," दुसरी म्हणाली, अन् साऱ्या खिदळल्या.

ते ऐकून मी भोकाड पसरलं. गप बस, असं कुणी म्हणालं न्हाई. नवरीच्या आईनं काडी रंगात बुडवून परत दिली.

"रो ले. लेकिन पूँछ पूरी कर."

पिसारा त्याहून भिकार निघाला. त्या पुन्हा हसल्या, अन् या खेपेला मीही.