नलूमावशीचे आरसे

नलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या घाईत वेणी घालत होते. फोन ठेवला आणि का कोण जाणे, आरशात आधी माझ्या पाठीमागे बघितलं. मागे नुसतं कपाट होतं... मग रडू फुटलं.

नलूमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. वसईजवळ वटार गावात, वाडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्यूटी पार्लर होतं. ते काही चालेना, तेव्हा काकांनी कुठूनसे जुने कॉम्प्युटर आणले आणि त्याच खोलीचा सायबर कॅफे झाला. समोरासमोरच्या भिंतींवरचे आरसे मात्र तसेच राहिले. सगळे म्हणाले, ते काढ, केबिन कर, पडदे लाव, पोरांना आडोसा लागतो. "आडोसा कशाला? माझ्याकडे काय न्हाणीघर आहे?" म्हणून तिने विषयच संपवला. मेली ती खोली! कुठेही बसा, मान वर केली की आपलं तोंड आणि त्यामागे सगळ्यांच्या पाठी, एकात एक, पार आत अंधारात गेलेल्या. मला भरदुपारीही काटा यायचा. दाराजवळच्या खुर्चीत मावशी केळफूल सोलत बसलेली असायची.

दहावीची परीक्षा संपली होती. मी रोज तिथे जाऊन पुण्याच्या रोहनशी चॅट करायची. सतरा वर्षांचा, असं तो म्हणायचा. माझं सगळं त्याला कळायचं. एकदा त्याने लिहिलं, पिवळा रंग तुला खुलतो. मी पिवळाच ड्रेस घातला होता. योगायोग वाटला, आणि खरं सांगते, गोडही वाटला. मग एके दुपारी म्हणाला, वसईला येतोय, उद्या भुईगावच्या समुद्रावर सुरूच्या बागेत भेट, घरी सांगू नकोस. मी 'हो' लिहून मोकळी!

तेवढ्यात मावशी कंगवा घेऊन मागे आली. पार्लर बंद झालं तरी तिचे हात गप्प बसत नसत, कॅफेत आलेल्या कुणाही मुलीचे केस ती विंचरायची. माझी वेणी घालता घालता कानाशी पुटपुटली, "बाय, मान हलवू नको. आरशात बघ. मागच्या भिंतीला तो चष्मेवाला बसलाय ना? तू हसतेस त्याच्या आधी तो हसतो. मघापासून बघतेय."

मला काही कळेना. आणि स्क्रीनवर ओळ उमटली... मोकळेच ठेव ना केस. छान दिसत होते.

मी आरशात बघितलं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, कुणाचाही बाप शोभावा असा. तो त्याच्या आरशातून माझ्याकडेच बघत होता. मावशीची बोटं क्षणभर थांबली, मग तिने वेणी पुरी केली, रबर लावला आणि जाऊन मेन स्विच पाडला. "लाईट गेली हो! उठा सगळे!"

तो शांतपणे उठला. "येतो हं, मावशी," असं घरच्यासारखं म्हणाला आणि गेला. बाबा आणि मावशी गावभर विचारत फिरले, कुणालाच तो माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी दोघं सुरूच्या बागेतही जाऊन आले. तिथे कुणी नव्हतं. तो पुन्हा कधी दिसला नाही.

मावशी मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त म्हणाली, "घरी सांगू नको असं कुणी म्हणालं ना, की पहिलं मला सांगायचं." पुढे मी तिला सगळंच सांगत गेले, कॉलेजातलं, नोकरीतलं, नको ते सुद्धा. आता कुणाला सांगू?

तेराव्यानंतर कॅफे उघडला. मावसभावाला बाहेर जायचं होतं म्हणून मी तिच्या खुर्चीत बसले. कॉम्प्युटरवर एकटीच शाळकरी मुलगी होती. ती सारखी मान वर करून आरशात बघत होती.

"ताई, माझ्या मागे कुणी बसलंय का?"

"नाही गं. का?"

"कुणीतरी बघतंय असं वाटतंय."

मी आरशात बघितलं. ती होती, मी होते, आणि आमच्यामागे एकात एक त्या पाठी, पार अंधारापर्यंत. खणात मावशीचा कंगवा होता. तो घेऊन मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले.

"बघू दे," मी म्हटलं. "बाय, मान हलवू नको."