न उकळलेला राजमा

शैलाबाईंना गॅस पेटवायला मनाई झाली, त्याला सव्वा वर्ष होत आलं होतं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि त्या बाहेर पेपर वाचत बसल्या होत्या. शेजारच्या बाईंना वास आला म्हणून बरं. नोकरीसाठी पुण्यात राहणारा मुलगा अभय आला, पण रागावला नाही. सात वर्षांच्या सईला त्याने पुढे उभं केलं. "आई, हिच्या डोक्यावर हात ठेव आणि म्हण, गॅसला हात लावणार नाही." एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत कारकुनी केलेल्या बाईने नातीच्या दोन वेण्यांवर हात ठेवला आणि म्हटलं.

तेव्हापासून मोनिका कामावर जाताना ओट्याखालची गॅसची कळ बंद करून जाई. ही सून, अभयची बायको, कन्नड तालुक्यातली, वाळूजला कारखान्यात तपासणी विभागात. सासूला नुसतं बसवून ठेवणं तिलाच बघवेना, म्हणून एक दिवस ती स्लो कुकर घेऊन आली. विजेवरचं जाड मातीचं भांडं, काचेचं झाकण. "जाळ नाय, काय नाय, आई. लावायचा आन विसरायचा."

"विसरायचंच असेल तर जमेल मला," शैलाबाई म्हणाल्या.

जमलंही. सईला आवडायचा म्हणून दर शनिवारी राजमा, भात आणि सॉसेज असा एकत्र शिजवलेला पदार्थ ठरून गेला. साठीपर्यंत अंडंसुद्धा घरात न आणलेल्या शैलाबाई आता चिकनच्या सॉसेजचे चकत्यांसारखे तुकडे करायच्या. पहिल्यांदा ते थंडगार, गुळगुळीत बोटाला लागलं तेव्हा त्या तीनदा साबणाने हात धुऊन आल्या होत्या. पण आठवड्यात एवढं एकच काम त्यांचं असं उरलं होतं. ते जाऊ द्यायचं नव्हतं.

राजमा मात्र मोनिकाच रात्री भिजत घालून सकाळी कामावर जाण्याआधी उकळून ठेवायची. फ्रिजवर तिने चिठ्ठीच लावली होती: आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळ उकळणे, मगच कुकरमध्ये.

त्या शनिवारी पहाटे कारखान्याची बस लवकर आली. मोनिका पोळीचा घास तोंडात कोंबतच जिना उतरली. आठ वाजता शैलाबाईंनी पातेल्यावरची ताटली उचलली. राजमा भिजून टपोरा झाला होता, उकळलेला नव्हता. त्यांनी फोन लावला. कारखान्यात फोन फाटकावर जमा करतात हे ठाऊक असूनही वाजू दिला.

मग त्या ओट्यापुढे वाकल्या. कळ समोरच होती. दहा मिनिटांचं काम. समोर उभं राहून, नजर न हलवता झालं असतं. त्यांचा हात कळीपर्यंत गेला. तेवढ्यात आतून सईने विचारलं, "आजी, आज सॉसेज जास्त घालशील?"

शैलाबाई सरळ उभ्या राहिल्या. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोललेलं मोडायचं, तेही तिच्याच जेवणासाठी? नाहीतरी आठ तास शिजणार. इतक्या वेळात दगडही मऊ होईल. त्यांनी राजमा, कांदा, टोमॅटो, सॉसेज भांड्यात घातलं, बटण मंदवर फिरवलं आणि शेवटच्या तासाला तांदूळ टाकला.

साडेचारला मोनिका आली. तिघी जेवायला बसल्या. "जरा कणीदार लागतोय," मोनिका म्हणाली आणि तरी दोनदा वाढून घेतलं. सईने ताट पुसून खाल्लं.

सात वाजायच्या आत सई ओकायला लागली. मग मोनिका, मग शैलाबाई. सईचं थांबेना. पोरीचे ओठ पांढरे पडले. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं आणि राजमा म्हटल्यावर मान हलवली. कच्चा राजमा नुसत्या मंद आचेवर बाधतो, म्हणाले. उद्यापर्यंत बरी होईल.

मोनिका बाकावर भिंतीला टेकून बसली होती.

"आई, गॅस लावायचा व्हता ना सरळ. दहा मिनटं."

"शपथ घातली होती."

मोनिकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चूक माझीच हाये. मीच उकळला नाय." पण ती सासूच्या हातावर हात ठेवायला पुढे आली नाही, आणि शैलाबाईंनाही ते अपेक्षित नव्हतं.

सई दुसऱ्या दिवशी घरी आली, चिडचिड करत पेज प्यायली. अभयने फोनवर आईशी बोलायचं टाळलं. मोनिकाशी बोलला.

सोमवारी सकाळी स्वयंपाकाला नव्याने लावलेल्या लीलाबाई आल्या. त्यांनी पदर खोचला, ओट्याखाली वाकून कळ उघडली आणि शेगडी पेटवली. शैलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"आज्जी, तुमी बसा निवांत. मीठ कसं लागतं तुमच्याकडं, बेताचं का चढं?"

शैलाबाईंनी चौकट सोडली.

"मोनिकाला विचारा," त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसल्या.