उतरलेला भात

हे मी सुशीलेलाही कधी मोकळेपणानं बोललो नाही. म्हणजे तिला माहीत होतं — तिलाच तर माहीत होतं. पण आमच्या दोघांत तो विषय निघाला नाही, आणि आता ती नाही.

तेव्हा आम्ही चिखलीत राहत होतो. मी शाळेत मास्तर, नवा संसार. अकोल्याहून मी एक पत्र्याचा ओव्हन आणला होता — रॉकेलच्या स्टोव्हवर ठेवायची पेटी, पुढं छोटं दार. आळीत तसा दुसरा नव्हता. मला त्याचा फार तोरा होता.

उन्हाळ्याचे दिवस. दुपारी सुशीला शेजारी पापड लाटायला गेली. जाताना म्हणाली, "रातचा भात गायीले टाकजा. उतरला हाये तो."

मी हो म्हणालो. ऐकलं होतं — नीट ऐकलं होतं.

थोड्या वेळानं सुलतानपूरहून बाबा आले. एसटीनं, उन्हातून, उपाशी. घरात भाकरी उरली नव्हती. तिला हाक मारायला कितीसा वेळ लागला असता? पण मला ओव्हन दाखवायचा होता. भाताला आंबूस वास येत होता. मी लसूण जास्त घातला, कांदा, तिखट, तेल — आणि थाळीत पसरून आत सरकवला. वरून खमंग, कुरकुरीत झाला. आतून नुसता कोमट. वास मात्र गेला.

बाबांनी विचारलं, "सुनबाईनं केला काय?"

इथं मी अडखळलो. माझ्या चुलतभावानं बायकोच्या आजारपणात भाकऱ्या थापल्या, तर बाबांनी त्याला गावभर 'भाकऱ्याबाई' करून टाकलं होतं. मी म्हणालो, "हो."

"हाताले चव हाये पोरीच्या," बाबा म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतला. मी जेवलेला होतो.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. डॉक्टर आले, सुई दिली. काय खाल्लं विचारल्यावर बाबा सुशीलेसमोरच म्हणाले, "सुनबाईनं केलेला भात." दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

माय आली. रडून झाल्यावर तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन वं सुशीले, कधीचा भात होता तो?"

सुशीलेनं माझ्याकडं पाहिलं. मी काय करत होतो? बाबांच्या अंगावरची चादर सारखी करत होतो. ती सारखीच होती.

"रातचा," सुशीला म्हणाली.

"सासऱ्याले शिळं घातलं?"

ती थांबली. मला बोलायला पुरेल इतकी थांबली. मग म्हणाली, "चुकलं माह्यं."

त्यानंतर माय जिवंत होती तोवर तिनं सुशीलेच्या हातचा भात खाल्ला नाही. बाबांच्या श्राद्धाला पिंडाचा भात धाकटी जाऊ शिजवायची आणि सुशीला ओसरीवर पत्रावळी पुसत बसायची. मी आत पाटावर बसून पिंड करायचो. दर वर्षी वाटायचं, या वेळी सांगू. दर वर्षी हात धुऊन उठायचो. ओव्हन मी कधीच भंगारात दिला होता. तिनं तेव्हाही काही विचारलं नाही.

माय गेल्यावर तरी? तेव्हा कुणाची भीती होती? कुणाचीच नव्हती. तरी नाही बोललो.

परवा घरात नवी नातसून आली. भावाची सून तिला स्वयंपाकघर दाखवत होती. "भात वाढायच्या आधी वास घेत जाय," ती म्हणाली. "आपल्या मोठ्या आजीनं शिळा भात घातला होता सासऱ्याले. जीव गेला माणसाचा." पोरगी घाबरून मान हलवत होती. मी दाराशी खुर्चीत होतो. दोघींनी माझ्याकडं पाहिलं — आजोबांसमोर बोलायला नको होतं, अशा नजरेनं. आणि मी मान खाली घातली, जणू मलाच दुःख झालं होतं.

म्हणून लिहितो. भात शिळा आहे हे तिनं मला सांगितलं होतं. तो गायीला टाकायचा होता. सुशीला तेव्हा घरात नव्हती. भात मी केला.