परतीची रेघ

डोळे मिटलेत की उघडे आहेत, हे उर्मिलाला कळत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. डोळ्यांवर हेडसेट चढवून आडवं होणाऱ्या माणसाला ते कळणार तरी कसं? रविवारची दुपार आहे. बाणेरमधल्या तिच्या खोलीत पडदे ओढलेले आहेत, पोटात आमटी-भात आहे, आणि बाईसाहेब खेळाच्या रबरी चटईवरच लवंडल्यात. अंगात सेन्सरचं जॅकेट तसंच, हातमोजे तसेच. जरा पडते म्हणाली आणि पडली. कानात अक्काचा आवाज चालूच आहे. कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

अक्का म्हणजे रोहिणी, तिची थोरली बहीण. तिला जाऊन वर्ष होत आलंय.

आता गेलेल्या माणसाचा आवाज कानात कसा, ते आधी सांगायला हवं. उर्मिला पुण्यातल्या एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवते. बटणं दाबत बसायचे खेळ नव्हेत हे. जॅकेट घालायचं, हेडसेट लावायचा, चटईवर उभं राहायचं, आणि स्वतःच्या हातापायांनी खेळायचं. समोरून चढाई करणारी बाई धावत येते, तुम्ही वाकता, ती तुमच्या अंगावरून झेप घेते. कुणी तुम्हाला धरलं तर जॅकेट बरगड्यांवर असं आवळतं, की धडधाकट माणूस ओरडतो. तिचा साहेब निनाद म्हणतो, "खेळणारा आपल्या घरात उभा आहे हेच त्यानं विसरायला हवं. आत्ता नुसतं आवळतंय. थांब थोडी, समोरच्याचा श्वास लागेल, घामाचा वाससुद्धा येईल." त्याला भारी हौस.

कबड्डीचा खेळ करायचा ठरला, तेव्हा खऱ्या खेळाडूच्या हालचाली हव्या होत्या. उर्मिला म्हणाली, माझी बहीण आहे की! रोहिणी राज्याकडून खेळलेली, पुढं इस्लामपुरात पोरींना शिकवणारी. एसटीनं आली, काळा घट्ट सूट घातला, अंगभर चमकत्या गोळ्या चिकटवून घेतल्या आणि आरशात बघून खो खो हसली. "उर्मे, दिवाळीचा आकाशकंदील दिसतीय का गं मी?" डाव्या घोट्यावर आईनं बांधलेला काळा दोरा होता. तिथं गोळी लावायची म्हणून तो काढा, असं कॅमेऱ्याच्या पोरानं सांगितलं. अक्का ऐकते होय! "आईनं बांधलाय, त्यो निघायचा न्हाई," म्हणाली आणि दोरा पोटरीकडं सरकवून सुटाच्या आत दडवला. त्यामुळं कॅमेऱ्याला तो कधी दिसलाच नाही. खेळातल्या अक्काच्या पायात दोरा नाही.

पुढं चार महिन्यांनी ताप आला आणि आठवड्याभरात अक्काला घेऊन गेला, पायातल्या दोऱ्यासकट.

चित्रित केलेल्या हालचाली साफ करायचं काम उर्मिलाकडंच असतं. तिनं अक्काच्या चढाईची एक प्रत, आवाजासकट, घरी आणली. रोज बघायची. अक्का यायची, हूल द्यायची, पाय फेकायची, सगळं छान. पण चढाई म्हटली की परत जाणं आलंच. एका दमात कबड्डी म्हणत जायचं आणि दम तुटायच्या आत माघारी येऊन मधल्या रेघेला हात लावायचा, हाच तर खेळ. अक्का वळायची, पाठ करून पळायची, रेघेला हात लावून गुडघ्यांवर हात ठेवायची, हाऽऽ करून श्वास सोडायची आणि चालत निघून जायची. ती पाठ दिसली की उर्मिला कॉम्प्युटरच बंद करायची. एक दिवस तिनं वळण्यापासून पुढचं सगळं कापून टाकलं आणि उरलेल्याचं शेवटचं टोक सुरुवातीला जोडलं. तेव्हापासून अक्का वळत नाही. समोरच असते, तोंड उर्मिलाकडं करून डावीकडं-उजवीकडं झुलत असते, तोंडानं कबड्डी, कबड्डी. कुणी म्हणेल, पोरीचं डोकं फिरलं होतं काय? फिरलंच होतं! पाठची बहीण होती ती, तिनं कसं शहाण्यासारखं वागायचं?

आज सकाळीच आईचा फोन आला होता. "रोहिणी सपनात येती गं. बोलत न्हाई, नुसती धापा टाकती. पानी दिलं तर मान हलवती. ओठ निळं पडल्यात तिचं."

"आई, तू जेवल्या जेवल्या झोपू नकोस," असं म्हणून उर्मिलानं विषय बदलला होता.

तर अशी ती पडलीय. कानातला आवाज बारीक होत होत पार चटईच्या खालून आल्यासारखा येतोय. मग पायांना माती लागते.

उर्मिला उभी आहे. आपण कधी उठलो ते तिला आठवत नाही. पायाखाली रबर नाही, ओलसर माती आहे, नुकतं पाणी मारलेली. समोर मैदान आहे आणि समोरून अक्का येतेय. डावीकडं झुकते, उजवीकडं झुकते. घामाचा वास येतो, त्यात हळदीच्या लेपाचा वास. ही सोय तर अजून झालेलीच नाही, असा विचार उर्मिलाच्या मनात येतो आणि तिची नजर खाली जाते.

अक्काच्या डाव्या घोट्यावर काळा दोरा आहे.

उर्मिला मान वर करते. "अक्का?"

अक्काचे ओठ कबड्डी म्हणत राहतात. डोळे उर्मिलावर खिळलेले. आणि तिचं बोलणं मात्र उर्मिलाच्या पाठीमागून येतं, अगदी मानेजवळून.

"किती वाळलीयास गं. जेवतीस का न्हाई?"

उर्मिला गर्रकन वळते. मागं कुणी नाही. मागं कंपनीचा हॉल आहे, छतावर कॅमेरे आहेत, आणि ते सगळे तिच्याकडंच तोंड करून आहेत. पुन्हा पुढं बघते, तर अक्का जवळ आलेली.

"तू खरी आहेस का?"

"दोरा बघितलास की. आनी काय बघायचं हाय?"

अक्का पाय फेकते, हूल देते आणि वळायला जाते. खांदा वळतो, मान वळते, आणि हिसका बसतो. अक्का पुन्हा सुरुवातीच्या जागी उभी. चेहरा क्षणभर दोन झाल्यासारखा दिसतो, एक वळायला निघालेला, एक समोर बघणारा. मग एक होतो. हा सांधा उर्मिला ओळखते. तिनंच जोडलाय तो.

"पाठ फिरवता येईना बघ," मागून आवाज येतो. "तिथवर जाती आनी कोनतरी मागं वढतंय."

"मग नको फिरवू ना. राहा इथंच, माझ्यासमोर. मी रोज येते की तुला भेटायला!"

"ऱ्हाऊ कशी? पळतीय नुसती मी. एकदा तरी थांबलेली दिसली का तुला?"

उर्मिला अक्काच्या पायांकडं बघते, तर खालची माती गेलीय. त्या दोघी दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये आहेत. भिंतीला बाकडी आहेत, बाकड्यांवर कुणी नाही. फरशीवर चुन्याची रेघ मारलेली आहे आणि अक्का त्या फरशीवर अनवाणी झुलतेय. कबड्डी, कबड्डी. पॅसेजच्या टोकाला अक्काला ठेवलं होतं तीच खोली, दार अर्धं उघडं. आत खाट आहे. खाटेवर भिंतीकडं तोंड करून कुणीतरी निजलंय आणि चादरीतून डावा पाय बाहेर आलाय. उर्मिला त्या पायाकडं बघायचं टाळते.

"त्या दिवशीही पाठच केलीस तू," उर्मिला एकदम बोलते आणि तिला रडूच फुटतं. "भिंतीकडं वळलीस, म्हणालीस, जा, जेवून ये. मी खाली गेले गं! वडापाव खात उभी होते मी, आणि तू... शेवटची तुझी पाठच बघितली मी. कापली मग. नको मला ती पाठ!"

अक्काचे ओठ हलत राहतात. आवाज पुन्हा मागूनच येतो.

"मला रडाया आलं हुतं, येडे. तुला दाखवायचं न्हवतं म्हनून वळली. आनी तू कवाधरनं उपाशी हुतीस. बहिनीला जेवायला पाठवलं, ह्यात काय चुकलं माझं?"

"काही नाही चुकलं."

"मग सोड की मला. दम संपत आलाय."

"गेलेल्या माणसाला कसला दम?" उर्मिलाच्या तोंडून निघून जातं आणि ती जीभ चावते.

मागून अक्का हसते, तसंच, आकाशकंदिलाच्या वेळचं. समोरची अक्का हसत नाही. तिचे ओठ निळे झालेत, आई म्हणाली होती तसे, गळ्याच्या शिरा ताठ झाल्यात आणि कबड्डी हा शब्द आता शिटीसारखा निघतोय. उर्मिलाला फार भीती वाटते. तिला पळून जावंसं वाटतं, आणि अक्का एकटी राहील म्हणून पळवत नाही.

पॅसेजच्या फरशीतून गवत आलंय. ही गावातली शाळा आहे. ह्याच मैदानावर परकरातल्या अक्कानं तिला घोट्याची पकड शिकवली होती. टाचेनं मातीत ओढलेली रेघ दिसतेय, अक्काच्या मागं, चारेक पावलांवर. अक्का सगळा जोर लावते. खांदा वळतो, मान वळते, हिसका बसतो, आणि या वेळी हिसक्यातून ती सुटते. वळते! ती पाठ समोर येते. वेणी, मानेवरचा घाम, घामानं चिकटलेला कुडता. अक्का रेघेकडं झेपावते.

आणि उर्मिला काय करते? जे शिकवलं होतं तेच. स्वतःला जमिनीवर झोकून देते आणि दोन्ही हातांनी अक्काचा डावा घोटा धरते.

घोटा बर्फासारखा गार आहे. अक्का तोंडावर पडते. तिचा हात पुढं लांबलेला, बोटं रेघेपासून वीतभर लांब.

"पकड झ्याक हाय," आवाज येतो. तो आता पाठीमागून येत नाही, उर्मिलाच्या स्वतःच्या छातीतून येतोय. "कुनी शिकवली, म्हाईत हाय न्हवं? आता सोड."

"नाही सोडणार."

जॅकेट आवळतं. कुणी धरलेलं नसताना आवळतं. उर्मिला श्वास घ्यायला तोंड उघडते, तर आत काही जात नाही, बाहेर मात्र शब्द येतो. कबड्डी. ती तोंड मिटायला बघते, तोंड मिटत नाही. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. अक्काचा आवाज केव्हाच थांबलाय. हा तिचा स्वतःचा आहे. बरगड्या कुरकुरतात, डोळ्यांपुढं काळं येतं, आणि शब्द काही थांबत नाहीत.

"लागला का तुझा बी दम?" छातीतली अक्का म्हणते. आता ती चिडवत नाही. "दोघी हितंच ऱ्हाऊ म्हनतीस? चालंल मला. पर आईला मग सपनात दोघी दिसतील. दोघींचं ओठ निळं. झेपंल का गं तिला?"

उर्मिलाला आई दिसते. स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्या धरून उभी, कुणाला द्यावा ते न कळून.

ती बोटं उघडायला लागते. बोटं उघडत नाहीत, एकेक करून सोडवावी लागतात, आणि प्रत्येक बोटाला ती मनात म्हणते, जाऊ दे. जाऊ दे तिला. शेवटचं बोट सुटतं.

अक्काचा हात रेघेला लागतो.

हाऽऽ असा मोठा श्वास सुटतो. ऊन ऊन श्वास, सगळ्या मैदानावर पसरणारा. उर्मिलाच्या कपाळावरचे केस उडतात. अक्का उठते, गुडघ्यांवर हात ठेवून क्षणभर उभी राहते, मग कुडता झटकून चालायला लागते. मागं वळून बघत नाही. पोरींना सांगावं तसं जाता जाता म्हणते,

"ऊठ. माती झटक."

उर्मिला खोकत खोकत उठून बसते. हेडसेट बाजूला पडलाय. जॅकेट अंगाला घट्ट बसलंय, त्याची चेन ओढून ती ते फेकून देते आणि नुसती श्वास घेत बसते. पडद्याच्या फटीतून उतरतीचं ऊन आलंय. खालच्या मजल्यावर कुणीतरी चहासाठी आलं कुटतंय. समोर कॉम्प्युटरवर खेळ चालूच आहे. तिथली अक्का, बिनदोऱ्याची, डावीकडं-उजवीकडं झुलतेय.

उजवी मूठ मिटलेली आहे. हातमोज्याच्या आत, तळव्यापाशी काहीतरी टोचतंय. मोजा मनगटाला पट्टीनं बांधलेला, जेवून चढवल्यापासून काढलेला नाही. उर्मिला पट्टी सोडते, मोजा ओढते.

आत काळा दोरा आहे, घामानं ओला.

ती तो हातात घट्ट धरून कॉम्प्युटरपुढं बसते. कापलेला तुकडा तिनं पुसून टाकलेला नव्हता, तेवढी हिंमत झाली नव्हती. तो शोधते आणि जिथला होता तिथं परत लावते. पडद्यावरची अक्का झुलते, हूल देते, वळते. पाठ दिसते. उर्मिला डोळे मिटत नाही. अक्का पळते, रेघेला हात लावते, श्वास सोडते, चालत जाते आणि मैदान रिकामं होतं. पडलेल्या हेडसेटमधला आवाजही थांबतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच खोली शांत आहे.

मग ती मूठ उघडून दोरा उजेडात धरते. दोरा कुठं तुटलेला नाही. टोक आईनं देवाच्या वातीवर जाळून बसवलेलं, कडक. आईची ती चपटी गाठ तशीच्या तशी, न सुटलेली. त्यातून पाय तेवढा निघून गेलाय.