मयताच्या नावावरचे खेळ

विंझर, किकवी, कामथडी अशा तीन-चार सज्जांवर मिळून सरोज देवस्थळींनी चौतीस वर्षं तलाठ्याचं काम केलं. या चौतीस वर्षांत एक वाक्य त्यांनी इतक्या ओसऱ्यांवर बसून सांगितलं, की त्या दिसल्या की लोकच ते म्हणायचे: मयताच्या नावावर काही ठेवू नका. तेरावं आटोपलं की मृत्यूचा दाखला घेऊन चावडीत या, वारसांची नावं सांगा, खरी सांगा, लेकींची गाळू नका. विंझरच्या धोंडाबाईचं नाव तिच्या भावांनी असंच गाळलं होतं. सरोजताईंनी जबाब घेतले, चार म्हाताऱ्यांना विचारलं आणि तिचं नाव लावून टाकलं. त्या भावांनी पुढं वर्षभर तलाठीबाईला साधं पाणी विचारलं नाही. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. ज्याचं आहे ते त्याच्या नावावर असावं, एवढाच त्यांचा हट्ट.

निवृत्त झाल्यावर त्या भोरला थोरल्या भावाकडे राहायला आल्या. शरच्चंद्र देवस्थळी हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. सरोजताईंनी लग्नच केलं नव्हतं. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये बहीणभावाचं चांगलं चाललं होतं. दादांना एक वेड होतं, तेही पन्नाशीत लागलेलं. व्हिडिओ गेमचं. पुण्याला पेपर तपासायला गेले की येताना एखादी डिस्क घेऊन यायचे. त्यातली चित्रं बघा, प्रकाश कसा पाडलाय बघा, असं ते शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगायचे आणि सहकारी मान डोलावून विषय बदलायचे.

सरोजताईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं. मग दादांनी त्यांना एक खेळ दाखवला. एक रिकामी दरी, मधून नदी, आणि तिथं दोघांनी मिळून गाव वसवायचं. ताईंनी बघितलं, की दादांनी शाळा थेट कुणाच्या तरी शेतात बांधली आहे. त्या चष्मा लावून पुढं सरकल्या. त्या दिवसापासून दुसरा कंट्रोलर त्यांच्या हातात आला. नदीचं नाव नीरा ठेवलं. रस्ते, बांध, गावठाणाची हद्द हे ताईंचं काम. झाडं, घरांचे रंग, देवळाचा चौथरा हे दादांचं. दुपारच्या चहानंतर तास-दीड तास हे चालायचं. अडीच वर्षांत त्या दरीत तीनशे घरांचं गाव उभं राहिलं, आणि त्यातल्या प्रत्येक घराची वाट ताईंना पाठ होती.

हा खेळ डिस्कवर नव्हता. दादांचे गुडघे गेले, पुण्याच्या फेऱ्या बंद झाल्या, आणि त्यांनी नवा कन्सोल घरपोच मागवला. त्याला डिस्क घालायची फटच नव्हती. खेळ पडद्यावर बघायचा, ‘विकत घ्या’ लिहिलेलं बटण दाबायचं, की तो आपोआप उतरतो. दादांनी असे साठएक खेळ घेतले. ताईंनी तेव्हाच विचारलं होतं, की पैसे दिले ते ठीक, पण आपल्या हातात आलं काय? दादा हसून म्हणाले, खात्यावर आहे ना सगळं. ताई गप्प बसल्या. नंतर त्यांनी स्वतःला सगळ्यात जास्त बोल लावला तो या गप्प बसण्याबद्दल.

गेल्या वर्षी माघात शरच्चंद्र गेले. सकाळी अंघोळीला पाणी काढलं आणि तिथंच बसले.

तेराव्यानंतर सरोजताईंनी पदर खोचला आणि कागदांना हात घातला. वारस म्हणून त्या एकट्याच होत्या. विजेचा मीटर नावावर झाला. गॅसच्या कार्डाला दोन हेलपाटे पडले, पण झालं. बँकेतल्या मुलीनं तर स्वतः फॉर्म भरून दिला. दादांची चित्रकलेची पुस्तकं वाचनालयाला दिली. ग्रंथपालानं ती मोजून घेतली आणि पोच दिली. ही पुस्तकं छापणाऱ्यांची परवानगी आणा, असं काही तो म्हणाला नाही.

राहिलं ते खेळांचं खातं. दादांचा पासवर्ड ताईंना माहीत होता. कुणाला काही न सांगता त्या जन्मभर खेळत राहिल्या असत्या तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण ज्या बाईनं गावोगाव मयताचं नाव काढायला लावलं, तिनं स्वतःच्या घरात ते कसं ठेवावं? त्यांनी कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. खातेधारक अमुक तारखेला मयत, वारस सख्खी बहीण, तरी खातं वारसाच्या नावे करून मिळावं. सोबत मृत्यूचा दाखला, वारस दाखला, आधार कार्ड जोडलं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, असं वर होतं. खाली होतं, की खातेधारकाच्या निधनाची नोंद घेऊन नियमाप्रमाणे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे.

ताईंनी कन्सोल लावला. पडद्यावर फक्त एक ओळ आली, या खात्याला प्रवेश नाही. साठच्या साठ खेळ गेले होते. दरीही गेली होती.

त्या उठल्या आणि कपाटातून जुना कन्सोल काढला. धूळ पुसली, त्यात दादांची एक जुनी डिस्क घातली. खेळ सुरू झाला. डिस्कनं नाव विचारलं नाही, दाखला मागितला नाही. ताईंच्या तळपायाची आग तेव्हा मस्तकात गेली. एकाच माणसानं एकाच कमाईतून घेतलेल्या वस्तू. त्याच्या हाताला लागल्या तेवढ्या राहिल्या आणि परक्याकडे ठेवल्या त्या परक्यानं घशात घातल्या. तेही चोरून नव्हे. शोकसंदेश पाठवून.

त्यांनी फोन लावला. चार वेळा यंत्र बोललं, पाचव्यांदा एक मुलगी आली. ती गोड आवाजात म्हणाली, की तुमच्या भावानं खेळ घेतलेच नव्हते, ते वापरायची परवानगी घेतली होती, आणि ती परवानगी त्यांच्यापुरती होती. ताईंनी विचारलं, मग बटणावर ‘विकत घ्या’ का लिहिलंय? मुलगी म्हणाली, अटींमध्ये सगळं स्पष्ट आहे. ताईंनी त्या अटी छापून आणल्या. एक्केचाळीस पानं निघाली, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. दादांच्या मेलमधल्या पावत्याही छापल्या. प्रत्येक पावतीवर मोठ्या अक्षरात होतं, खरेदीबद्दल धन्यवाद. चौतीस वर्षं त्यांनी खरेदीखतं बघितली होती, भाडेपट्टे बघितले होते. खोटारडे लोकही पुष्कळ बघितले होते. पण खरेदीखत म्हणून भाडेपट्टा हातात ठेवणारा, आणि तोही अंगठा घ्यायच्या आधी वाचून न दाखवणारा, त्यांच्या सज्जात टिकला नसता.

त्याच सुमारास धोंडाबाई भेटायला आली. विंझरहून दोन गाड्या बदलून, पिशवीत तांदूळ आणि काळा घेवडा घेऊन. मास्तर गेल्याचं तिला उशिरा कळलं होतं. बराच वेळ ती दादांच्या फोटोसमोर बसून राहिली. मग ताईंचा चेहरा बघून तिनं विचारलं, की बाई, दुःख वेगळं दिसतं आणि हे वेगळं दिसतंय, काय झालंय? ताईंनी सगळं सांगितलं. कन्सोल, खातं, अटी हे तिला कसं कळणार असं त्यांना वाटत होतं. धोंडाबाईनं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे मास्तरांनी पैसं दिलं व्हतं?” तिनं विचारलं.

“दिले होते. पावत्या आहेत.”

“आन तुमी वारस हायसा, त्येबी खरं हाय.”

“आहे.”

“मग मानूस मेला म्हून त्याची भांडी उचलून न्यायची, ही कुठली रीत? आमच्या भावांनी माजं नाव गाळलं, पर शेत जाग्यावर ठिवलं व्हतं. ह्यांनी तर शेतच उचललं. तवा तुमी माज्यासाठी भांडला. आता सोतासाठी भांडाया लाज वाटती का काय?”

लाज वाटत होती, हे खरं होतं. साठी उलटलेली बाई व्हिडिओ गेमसाठी भांडते म्हटल्यावर भोरात लोक हसतील, ही भीती ताईंनी स्वतःपासूनही लपवून ठेवली होती. धोंडाबाई संध्याकाळच्या गाडीनं गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मंदारकडे गेल्या.

मंदार भोरच्या कोर्टात वकिली करायचा. दादांचा विद्यार्थी. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, की ताई, खरं सांगतो, त्यांनी सगळ्या वाटा बांधून ठेवल्यात, यात तुम्हाला मनस्तापच होईल. ताई म्हणाल्या, मनस्ताप झालेलाच आहे, तू अर्ज लिही. पुण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. मागणी एकच: खातं आणि त्यावरचे खेळ वारसाच्या नावे करून द्यावेत.

पहिल्या दोन तारखांना कंपनीतर्फे कुणी आलंच नाही. ताई रिकाम्या हातानं स्वारगेटहून भोरच्या गाडीत बसायच्या आणि पुढच्या तारखेला पुन्हा उभ्या राहायच्या. भोरात लोक हसले, ते ठरल्यासारखंच झालं. बँकेच्या रांगेत एका निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं, म्हणे पोराटोरांच्या खेळासाठी कोर्टात गेलात? ताईंनी त्यांना शांतपणे विचारलं, की तुमच्या मोबाईलवर घेतलेली पुस्तकं आणि गाणी कुणाची आहेत ते बघितलंत का? हेडमास्तरांनी घरी जाऊन बघितलं असावं. पुढच्या आठवड्यात ते स्वतः ब्लॉकवर आले आणि त्या एक्केचाळीस पानांची झेरॉक्स मागून घेऊन गेले.

तिसऱ्या तारखेला कंपनीचा वकील आला. त्यानं बाहेरच्या बाकावर मंदारला गाठून एक कागद दिला. कंपनी विशेष बाब म्हणून खातं पुन्हा सुरू करायला तयार होती. दोन अटी होत्या. ही सवलत आहे, हक्क नव्हे, हे मान्य करायचं. आणि याबद्दल कुठंही बोलायचं नाही. मंदारच्या मते हे अपेक्षेपेक्षा जास्त होतं. त्यानं पेन पुढं केलं.

सरोजताईंनी कागद दोनदा वाचला.

“मंदार, मी एका बाईचं नाव उताऱ्यावर लावलं तेव्हा तिच्या भावांनी असाच कागद आणला होता,” त्या म्हणाल्या. “बहिणीला आम्ही प्रेमानं चार पोती भात देऊ, हक्क म्हणून नाही. मी तो फाडला होता. हा फाडत नाही, कारण आयोगाला दाखवायचाय.”

त्यांनी तो दाखवला. वकिलाचा चेहरा पडला आणि उत्तर द्यायला त्यानं महिन्याची मुदत मागून घेतली.

त्या महिन्यातच एका दुपारी ताईंनी सवयीनं कन्सोल लावला आणि खातं उघडलं. पत्र नाही, मेल नाही, सही नाही. साठही खेळ ओळीनं जागच्या जागी होते. त्यांनी दरीचा खेळ उघडला. पडद्यावर दोनच पर्याय होते, नवा खेळ आणि बाहेर. जुनं गाव कुठंच नव्हतं. खातं बंद होतं त्या काळात कंपनीनं आपल्याकडं साठवलेलं त्यांचं सगळं काम पुसून टाकलं होतं. ताईंनी तरी ‘नवा खेळ’ दाबून बघितलं. रिकामी दरी आली, मधून नदी, काठावर एकही घर नाही. आणि वरच्या कोपऱ्यात खातेधारकाचं नाव होतं, शरच्चंद्र देवस्थळी. तेवढं मात्र कंपनीनं बदललं नव्हतं.

ताई त्या दिवशी रडल्या. दादा गेले तेव्हा माणसं घरात होती म्हणून रडायचं राहून गेलं होतं. रडून झाल्यावर त्यांनी पडद्याचे फोटो काढले, तारीख-वेळ लिहिली आणि मंदारला फोन केला.

पुढच्या तारखेला कंपनीचा वकील छातीठोकपणे उभा राहिला. खातं सुरू आहे, खेळ परत मिळालेले आहेत, तक्रारीत आता काही उरलेलं नाही, ती काढून टाकावी, असं त्याचं म्हणणं. समोर बसलेल्या सदस्यबाईंनी ताईंकडे बघितलं आणि विचारलं, की आता तुम्हाला आणखी काय हवं आहे?

मंदार उठत होता. ताईंनी त्याला हातानं खाली बसवलं.

“खेळ परत आले ते ह्यांच्या मनात आलं म्हणून. उद्या मनात आलं तर पुन्हा जातील,” त्या म्हणाल्या. “माझ्या भावाचं आणि माझं अडीच वर्षांचं काम पुसलं, ते परत येणार नाही, मला माहीत आहे. त्याची भरपाई मी मागतही नाही. पण ह्यांनी एक काहीतरी लेखी द्यावं. विकलं असेल तर वारसाचं नाव लावावं. विकलं नसेल तर बटणावरचा तो शब्द काढावा. दोन्ही एकदम चालणार नाही.”

सदस्यबाईंनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, बटणावर नेमकं काय लिहिलेलं असतं? तो म्हणाला, की तो प्रचलित शब्द आहे, अर्थ अटींमध्ये दिलेला आहे. तो अर्थ ग्राहकाला बटण दाबायच्या आधी कुठं दिसतो, असं बाईंनी विचारलं. त्यानं पुन्हा त्या एक्केचाळीस पानांकडेच बोट दाखवलं. तक्रार काढून टाकायची त्याची विनंती फेटाळली गेली, आणि कंपनीनं लेखी खुलासा द्यावा असं सांगून पुढची तारीख पडली.

परतीच्या गाडीत मंदार खुशीत होता. हे सुद्धा मोठं आहे, असं तो दोनदा म्हणाला आणि खेड शिवापूरच्या पुढं त्याला झोप लागली. सरोजताई ताठ बसून होत्या. त्यांचा राग अजिबात उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं त्यांना वाटतही नव्हतं. कापूरहोळला गाडी भोरच्या रस्त्याला वळली तेव्हा त्यांनी पिशवीतून डायरी काढली आणि नवी तारीख लिहून घेतली.