लाल गाडीची डावी सीट

“मावशी, सगळं फाडा आन् नवं रेक्झिन मारा. रविवारी पुण्याची पार्टी येणार हाय,” गाडी विकून देणारा एजंट म्हणाला.

माझा हात सीटवरच होता. म्हटलं, “हे कातडं मी फाडणार न्हाय.”

गाडी इटलीची. जुनी स्पोर्ट्स कार, लाल, दोन दारांची, माझ्या कंबरेएवढी उंच. स्टीअरिंग डावीकडं. मालक अण्णा, जुन्या गिरणीवाल्यांच्या घरातले. नजर अधू झाली म्हणून विकायला काढलेली. अशा गाडीला गिऱ्हाईक वर्षात एखादंच येतं, आणि त्याला सगळं ओरिजिनल लागतं, म्हणजे कंपनीतून आलं तसंच. इथं तर ड्रायव्हरच्या सीटची शिवण वीतभर उसवलेली.

मी गाड्यांच्या सीटा शिवते. आमच्यात त्याला कुशनचं काम म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. आधी चादरीच्या कारखान्यात रफू करायचे. मागावर धागा तुटला की सुईनं असा भरायचा, की बघणाऱ्याला कळू नये. पण आतून एक लाल गाठ मारायची, म्हणजे तपासणाऱ्याला काम कुठं झालंय ते सापडावं. ती सवय अजून आहे.

अण्णांना सांगितलं, “मशीन लावलं तर नवी भोकं पडतील, आणि जुनं कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं फाटंल. हातानंच शिवते.”

“तुला पटंल तसं कर, बाई.”

धागा चहाच्या पाण्यात बुडवून जुन्याच्या रंगावर आणला. मग दोन सुया, एक वरून, एक खालून, जुन्याच भोकांतून. एका वितीला तीन दिवस लागले बघा.

रविवारी पार्टी आली. साहेब गुडघ्यावर बसून, बॅटरी लावून एकेक टाका बघत होते. म्हणाले, “वा! सगळी शिवण ओरिजिनल दिसते.”

एजंटनं माझ्याकडं डोळे वटारले. अण्णा काठीवर हात ठेवून उभे. मी तोंड उघडलं तर गिऱ्हाईक जाणार, ते मलाही कळत होतं की.

“सगळी न्हाय, साहेब. वीतभर माझी हाय.”

“फिरवलं पाणी!” एजंट पुटपुटला.

साहेबांनी परत बॅटरी लावली. लई शोधलं. शेवटी म्हणाले, “कुठं आहे?”

मी सीटची कड उलटी करून आतली लाल गाठ दाखवली. साहेबांनी गाठीवरनं बोट फिरवलं.

“अण्णासाहेब, गाडी घेतली. जी बाई न विचारता हे सांगते, तिच्यापुढं बाकीचं काय तपासू?” मग माझ्याकडं वळले. “माझ्याकडं अजून दोन जुन्या गाड्या आहेत. पुण्याला याल?”

“मी न्हाय येणार. सीटा हिकडं पाठवा.”

पाठवल्या. सध्या त्याच शिवतेय.

तो एजंट आता गिऱ्हाइकांना सांगतो, “नवं रेक्झिन मारू नका म्हणून मीच मावशींना बजावलं होतं.” सांगू दे. गाठ कुणाची आहे, ते आत बघितलं की कळतंच.